फायली परत मिळाल्या, नावं गेली: वाय-फाय प्रोफाइल कुठली हे पहिल्या बाइटवरून कसं ओळखायचं?

अभ्यासिकावाली | शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

नवी पेठेत शास्त्री रस्त्याच्या आतल्या गल्लीत माझी अभ्यासिका आहे. दोन मजले, सत्तर खुर्च्या, सकाळी सहा ते रात्री अकरा, बहुतेक मुलं एमपीएससीची. बँकेत ३२ वर्षं कारकुनी केली आहे, त्यामुळे आकड्यांना घाबरत नाही. पण संगणकाच्या पोटात शिरायची ही पहिलीच वेळ.

ऑफिसचं वाय-फाय आमच्याच एका विद्यार्थ्याने बसवून दिलं होतं. पोरगा हुशार. वर्षभरात तलाठी झाला आणि गडचिरोलीला गेला. जाताना एक पेनड्राइव्ह हातावर ठेवून म्हणाला, "काकू, यात सगळं आहे." मी तो कपाटात ठेवला. आता त्याचा जुना नंबर भलत्याच माणसाला लागतो, तो माणूस चिडतोही.

झालंय असं की राउटर म्हातारा झालाय, दिवसातून पाच-सहा वेळा स्वतःच बंद होतो. नवा आणलाय. नव्याला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला, की ११ कॅमेरे, हजेरीची दोन मशीनं आणि प्रिंटर आपापले जोडले जातील. नाही दिला, तर एकेका कॅमेऱ्यापाशी शिडी. पण जुना पासवर्ड कुणालाच माहीत नाही. ऑफिसचा पीसी केबलवर आहे. वाय-फायवर असलेल्या लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला, त्याची डिस्क भाच्याने पुसून स्वतःच्या पीसीत लावली. ज्या मॅडमच्या आयफोनवर हे वाय-फाय जोडलेलं होतं, त्या सोडून गेल्या. राउटरच्या आतल्या पानाचा पासवर्डही तलाठीसाहेबांकडेच. मुलांचं वाय-फाय वेगळं आहे. आणि जिन्यात मीच पाटी लावली आहे: "ऑफिसच्या वाय-फायचा पासवर्ड विचारू नये." आता मीच विचारत फिरतेय.

पेनड्राइव्ह लावला तर वाचेना. एका दुकानात ६०० रुपये देऊन डेटा काढून आणला. चार फायली मिळाल्या, पण नावं आणि एक्स्टेन्शन गेली. सगळ्यांना सरसकट डीएटी. ऑफिसच्या पीसीवर उबंटू आहे, त्यात एक्सएक्सडी नावाच्या कमांडने पहिले बाइट बघायला भाच्याने शिकवलं. बाइट असे, एकेक बाइट दोन चिन्हांत लिहिलेला:

००१ (४,०९६ बाइट): ३सी ३एफ ७८ ६डी ६सी २० ७६ ६५ ७२ ७३
००२ (८,१९२ बाइट): ३० ८० ०६ ०९ २ए ८६ ४८ ८६ एफ७ ०डी
००३ (४,०९६ बाइट): ६२ ७० ६सी ६९ ७३ ७४ ३० ३०
००४ (१२,२८८ बाइट): ९ई १७ सी४ ०बी ५२ एफ० ३ए ८८

पहिली फाइल उघडून वाचता येते. तिच्यात 'कीमटेरियल' असं लिहून पुढे लांबच लांब आकडा आहे, ०१००००००डी०८सी९डीडीएफ असा सुरू होणारा. तो पासवर्ड समजून मी फोनमध्ये टाइप करायला घेतला. चहा गार झाला, फोनने मध्येच पुढची अक्षरं घ्यायचं बंद केलं.

या चार फायली नेमक्या कशाकशाच्या आहेत, आणि पासवर्ड कुठल्या फायलीत असण्याची शक्यता आहे?


रीसेट_मार | शनिवार, रात्री ९.५२

काकू, राउटरच्या मागे बारीक भोक असतं. टाचणी घाला, दहा सेकंद दाबा, विषय संपला. एवढं रामायण कशाला?


अभ्यासिकावाली | शनिवार, रात्री १०.०१

भोक मला माहीत आहे. टाचणीही घरात आहे. अकरा शिड्या तुम्ही चढणार असाल तर पत्ता कळवते.


तापकीर_गल्ली | शनिवार, रात्री ११.१५

काकू, दुकान बंद करून आत्ता घरी आलो, जेवता जेवता लिहितोय. वीस वर्षं रिपेअरिंग करतोय, नावं गेलेल्या फायली आठवड्याला एक तरी येतात.

आधी एक सांगतो. या फायली 'फाइल ओळखून देतो' म्हणणाऱ्या कुठल्याही साइटवर चढवू नका. आत पासवर्ड असू शकतो. पहिले आठ-दहा बाइट इथे टाकलेत तेवढे ठीक.

बरेच फॉरमॅट सुरुवातीलाच आपली खूण ठेवतात. झिप फाइल ५० ४बी ने सुरू होते, म्हणजे 'पीके', ते फॉरमॅट करणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं. विंडोजचा प्रोग्राम ४डी ५ए, म्हणजे 'एमझेड', मार्क झ्बिकोव्स्की. नाव पुसलं तरी ही खूण जागेवर राहते. उबंटूतली 'फाइल' नावाची कमांड हेच करते, तिच्याकडे अशा खुणांची मोठी वही असते.

००१ सरळ आहे. ते बाइट म्हणजे 'एक्सएमएल' मजकुराची (खुणांमध्ये मांडलेल्या साध्या मजकुराची) सुरुवात. आत दोन-तीन ओळींत 'डब्ल्यूलॅनप्रोफाइल' दिसतंय का बघा. असेल तर ती विंडोजमधून बाहेर काढलेली वाय-फाय प्रोफाइल, म्हणजे नेटवर्कचं नाव, पासवर्ड वगैरेची नोंद, तुमच्या मेलेल्या लॅपटॉपची. विंडोजमध्ये नेटशेल कमांडने अशी प्रोफाइल काढता येते. काढताना 'की क्लिअर' म्हटलं असतं तर पासवर्ड उघडा आला असता. तुमच्या पोराने ते म्हटलं नाही, म्हणून 'प्रोटेक्टेड'च्या पुढे 'ट्रू' असणार आणि पासवर्डच्या जागी तो आकडा. त्या आकड्याला स्वतःचीच खूण आहे: ०१ ०० ०० ०० डी० ८सी ९डी डीएफ ०१ १५ डी१ ११ ८सी ७ए. ही विंडोजच्या डीपीएपीआयची, म्हणजे गुपितं कुलपात ठेवायच्या सोयीची पेटी, विंडोज २००० पासूनची पद्धत. वाय-फायच्या बाबतीत तिची किल्ली त्याच मशीनच्या विंडोजमध्ये असते. डिस्क पुसली म्हटल्यावर किल्ली गेली. त्या फायलीचा नाद सोडा, निदान पासवर्डापुरता तरी.

००३ म्हणजे 'बीप्लिस्ट००'. ६२ 'बी', ७० 'पी', ६सी 'एल', अक्षरं सरळ वाचता येतात. अ‍ॅपलची बायनरी प्लिस्ट, म्हणजे सेटिंग ठेवायची फाइल. पोराकडे मॅक होता का?

००४ मध्ये ओळखीची खूण काही दिसत नाही. राउटरच्या सेटिंगचा बॅकअप असावा. बऱ्याच कंपन्या तो कुलूप लावूनच देतात. साइज बघा, १२,२८८ ला ८ ने पूर्ण भाग जातो. आठ-आठ बाइटच्या ठोकळ्यांनी कुलूप लावलं की असंच होतं, जुन्या राउटरमध्ये डीईएस नावाचं कुलूप असायचं.

००२ बद्दल नक्की सांगत नाही. ३० ने सुरू होणाऱ्या फायली म्हणजे सर्टिफिकेट असतात एवढं माहीत आहे. वाय-फायशी त्याचा संबंध कंपन्यांमध्ये येतो, अभ्यासिकेत कुठून येणार?


बाइटबुवा | रविवार, सकाळी ७.२०

तापकीरराव, बाकी सगळं पटलं. दोन ठिकाणी हात धरतो.

एक, ८ ने भाग जाण्याची गोष्ट. काकूंनी दिलेल्या चारही साइज बघा: ४,०९६, ८,१९२, ४,०९६, १२,२८८. चौघींना ४,०९६ ने भाग जातो. चार वेगळ्या फायली योगायोगाने इतक्या गोल मापाच्या नसतात. डेटा काढणाऱ्याने डिस्कचे पूर्ण क्लस्टर (ठरावीक मापाचे कप्पे) उचललेत, खरी फाइल त्याच्या आधीच कुठेतरी संपते आणि पुढे उरलेली जागा आहे. ज्याला ४,०९६ ने भाग जातो त्याला ८ ने जाणारच. तेव्हा या साइजवरून ००४ बद्दल काहीच सिद्ध होत नाही. बॅकअप असेलही, पण खूण नसलेल्या फायलीला मी नाव देणार नाही.

००३ लाही हेच बाधणार आहे. बायनरी प्लिस्टचं डोकं पुढे असतं, पण तिची अनुक्रमणिका कुठे आहे हे शेवटच्या ३२ बाइटांत लिहिलेलं असतं. मागे फालतू शून्यं चिकटली की वाचणारा प्रोग्राम भलतेच ३२ बाइट वाचतो आणि 'फाइल खराब' म्हणतो. आणि शून्यं सरसकट कापायलाही जाऊ नका, खऱ्या शेपटीतही शून्यं असतात. तसंही मॅकवर ओळखीच्या नेटवर्कांची यादी प्लिस्टमध्ये आणि पासवर्ड कीचेनमध्ये (अ‍ॅपलच्या पासवर्डांच्या तिजोरीत), अशी विभागणी असते. माझ्या मते ००३ मध्ये पासवर्ड नाही.

दुसरं ००२. तापकीरराव, इथे तुम्ही पहिल्याच बाइटावर थांबलात. ३० म्हणजे फक्त 'पेटी उघडली'. सर्टिफिकेट, किल्ल्यांची पीएफएक्स फाइल, सही केलेला कागद, सगळ्यांची सुरुवात ३० नेच. फरक पुढे कळतो. नुसत्या सर्टिफिकेटमध्ये बहुधा ३० ८२, दोन बाइट लांबी आणि लगेच पुन्हा ३० ८२ येतं, पेटीत पेटी. पीएफएक्समध्ये लांबीनंतर ०२ ०१ ०३ येतं, म्हणजे 'आवृत्ती तीन'. काकूंच्या फायलीत ३० ८० आहे. इथे ८० म्हणजे 'लांबी आधी सांगत नाही, ०० ०० दिसलं की संपलं समजा'. मग ०६, म्हणजे पुढे एक ओळख-क्रमांक आहे, आणि ०९, म्हणजे तो नऊ बाइटांचा. तो २ए ८६ ४८ ८६ एफ७ ०डी असा सुरू होतो. हा १.२.८४०.११३५४९ या घराण्याचा आकडा, आणि त्या घराण्यात सही केलेली पेटीही येते, कुलूप लावलेलीही.

काकू, तुम्ही दहा बाइट दिलेत. मला तेरावा हवा आहे. तेरावा ०२ असेल तर पेटी फक्त सही केलेली आहे, ०३ असेल तर कुलूपबंद.

हे एवढ्यासाठी विचारतोय, की आयफोनला वाय-फायची सेटिंग द्यायची मोबाइलकॉन्फिग फाइल असते. ती मुळात साधी एक्सएमएल, पण सही करून दिली की अशाच पेटीत बसते. सोडून गेलेल्या मॅडमचा आयफोन होता म्हणालात ना?


अभ्यासिकावाली | रविवार, सकाळी ११.०५

रविवारी सकाळी अभ्यासिकेत जास्त गर्दी असते, म्हणून उशीर.

अकरावा ०१, बारावा ०७, तेरावा ०२. तीनदा मोजला. व्हाउचरचे आकडे एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने टिक करायचं, तसं एका मुलीला शेजारी बसवून मोजला. तिची पूर्वपरीक्षा तोंडावर आहे, तरी बसली बिचारी.

हो, पोराकडे मॅक होता. ००१ मध्ये 'डब्ल्यूलॅनप्रोफाइल'ही आहे आणि 'प्रोटेक्टेड'पुढे 'ट्रू'ही.


बाइटबुवा | रविवार, सकाळी ११.१२

मग काकू, तुमचा पासवर्ड बहुतेक उघड्यावर पडलाय. सही म्हणजे कुलूप नव्हे. सहीने एवढंच कळतं की मजकूर कुणी दिला आणि मध्ये कुणी फिरवला नाही. मजकूर आत जसाच्या तसा असतो, पोस्टकार्डावर शिक्का मारावा तसा. 'स्ट्रिंग्ज' कमांडने ००२ मधला वाचता येणारा मजकूर काढा आणि ग्रेपने 'पासवर्ड' हा शब्द शोधा. आत 'एन्क्रिप्टेडपेलोडकंटेंट' (म्हणजे कुलूपबंद मजकूर) असं काही दिसलं तर मात्र माझा अंदाज चुकला.


तापकीर_गल्ली | रविवार, सकाळी ११.४०

बुवा, मान्य. पहिल्याच बाइटवर थांबलो खरा. ८ ची गोष्टही मागे घेतो, मापं बघून लक्षात यायला हवं होतं. आमच्या गल्लीत कुणी असा अर्धवट अंदाज दिला तर मीच त्याला बोलतो.


अभ्यासिकावाली | रविवार, दुपारी १२.३०

सापडला! पण गंमत ऐका. 'पासवर्ड' लिहिलेली ओळ आणि तिच्या खालची एक ओळ, अशा दोन ओळी काढल्या. खालच्या ओळीत पासवर्ड आहे, सात अक्षरांचा. नव्या राउटरमध्ये टाकायला गेले तर तो म्हणतो किमान आठ हवीत. जुन्या राउटरला सात चालत होती का?


बाइटबुवा | रविवार, दुपारी १२.४१

कुठल्याच राउटरला चालत नाहीत. डब्ल्यूपीए२ चा (वाय-फायच्या नेहमीच्या कुलपाचा) पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा असतो, राउटर बदलल्याने नियम बदलत नाही. म्हणजे तुमच्याकडे अर्धाच आलाय.

दोष त्या ८० चा आहे. लांबी आधी न सांगणारी पेटी आतला मजकूर तुकड्यातुकड्याने ठेवते. प्रत्येक तुकड्याच्या आधी ०४ आणि मग त्या तुकड्याची लांबी. तुमच्या पासवर्डच्या नेमक्या पोटातून अशी एक फट गेली आहे. 'स्ट्रिंग्ज'ला मध्ये न वाचता येणारे बाइट लागले, त्याने ओळ तोडली, आणि तुम्ही एकच ओळ मागितलीत.

हाताने जोडू नका. फटीतला एखादा बाइट अक्षरासारखा दिसला तर तोही पासवर्डात घालाल. ओपनएसएसएलची सीएमएस कमांड वापरा: 'व्हेरिफाय' म्हणायचं, सोबत 'नोव्हेरिफाय' म्हणायचं, इनपुट डीईआर (म्हणजे अशी बाइटांची पेटी) आहे असं सांगायचं आणि बाहेर एक एक्सएमएल फाइल मागायची. व्हेरिफाय आणि नोव्हेरिफाय एकाच दमात म्हणजे वेडेपणा वाटेल, पण दुसऱ्याचा अर्थ 'सही करणाऱ्याचं सर्टिफिकेट कुणी दिलं ते तपासत बसू नकोस' एवढाच. तुकडे जोडून अखंड मजकूर मिळेल.


अभ्यासिकावाली | रविवार, दुपारी ४.१५

मिळाला. अकरा अक्षरं. इथे लिहीत नाही, पाटीचा मान राखते.

नव्या राउटरला जुनं नाव आणि हा पासवर्ड दिला, जुना बंद केला. अर्धा तास झाला, एकही कॅमेरा जोडला गेला नाही. प्रिंटरही नाही, हजेरीची मशीनंही नाहीत. माझ्या फोनवर हाच पासवर्ड टाकून वाय-फाय लगेच लागतं. पासवर्ड जुना असेल का? की त्या पोराने नंतर बदलला?


रीसेट_मार | रविवार, दुपारी ४.२२

शिडी आणू का?


तापकीर_गल्ली | रविवार, संध्याकाळी ५.०५

थांबा. आता ००१ कामाला येईल. पासवर्डापुरता नाद सोडा म्हटलं होतं, बाकीची माहिती तिच्यात उघडीच आहे.

पहिलं, 'ऑथेंटिकेशन' आणि 'एन्क्रिप्शन' काय लिहिलंय ते बघा. डब्ल्यूपीए२पीएसके आणि एईएस असेल तर नव्या राउटरलाही तेच द्या. नवे राउटर कधी कधी नुसतं डब्ल्यूपीए३ लावून येतात, जुने कॅमेरे त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा चालू आहे ना तेही बघा.

दुसरं, नेटवर्कचं नाव त्या फायलीत दोनदा असतं. एकदा अक्षरांत 'नेम' म्हणून, एकदा बाइटांत 'हेक्स' म्हणून. मला हेक्सवालं सांगा. नाव गुपित नाही, तुमच्या गल्लीत प्रत्येक फोनवर दिसतंच.


अभ्यासिकावाली | रविवार, संध्याकाळी ५.३०

डब्ल्यूपीए२पीएसके आणि एईएसच आहे, राउटरलाही तेच दिलंय. २.४ चालू आहे.

हेक्स: ४१ ६२ ६८ ७९ ६१ ७३ २०


तापकीर_गल्ली | रविवार, संध्याकाळी ५.३३

शेवटचा २० बघा.

४१ पासून ७३ पर्यंत 'अभ्यास', इंग्रजी लिपीत सहा अक्षरं. सातवा बाइट २० म्हणजे स्पेस. पोराने राउटर फोनवरून लावला असणार. फोनचा कीबोर्ड शब्द सुचवतो, आपण त्यावर टिचकी मारतो आणि तो मागे एक स्पेस चिकटवतो. नावाला शेवटी स्पेस लागली, ती कुणाला दिसली नाही, सगळे कॅमेरे स्पेससकट त्या नावाला जोडले गेले. तुम्ही सहा अक्षरांचं नाव दिलंत. डोळ्याला एकच, कॅमेऱ्याला परकं.

नाव देताना शेवटी एक स्पेस द्या. काही राउटर ती गुपचूप गाळतात, म्हणून सेव्ह केल्यावर राउटरने नाव किती अक्षरांचं ठेवलं ते तपासा.


बाइटबुवा | रविवार, संध्याकाळी ५.५०

तापकीरराव, हे मला सुचलं नसतं. मोबाइलकॉन्फिगमध्येही नाव स्पेससकटच असणार, पण काकूंनी ते डोळ्यांनी वाचलं, आणि डोळे शेवटची स्पेस वाचत नाहीत.


अभ्यासिकावाली | रविवार, रात्री ८.१०

राउटरने स्पेस घेतली. प्रिंटर आधी जागा झाला, मागच्या महिन्यापासून अडकलेलं कुणाचं तरी हॉलतिकीट त्याने बाहेर टाकलं. मग हजेरीची दोन्ही मशीनं. कॅमेऱ्यांचे हिरवे दिवे एकेक करून लागले, मुलं अभ्यास सोडून वर बघत होती, त्यांना दटावलं.

अकरापैकी दहा लागले. अकरावा जिन्यातला, बरोबर पाटीच्या वरचा. तो बंद-चालू करावा लागेल, आणि त्याची वायर छतापाशी आहे. रीसेट_मार, उद्या सकाळी सातनंतर या. शिडी आमची आहे.